बिनखिशाचा कोट

ज्याला खिसा नको असतो त्या माणसाकडे दोनदा बघावं, असं माझं मत आहे. खासबागेत वीस वर्षं शिलाई मशीन चालवतोय. लोक खिसे वाढवून मागतात. बंडीला आतून चोरखिसा मागतात, पायजम्याला मागतात, एका म्हाताऱ्यानं तर उशीच्या अभ्र्याला मागितला होता. पण 'खिसा नको' म्हणणारा पहिला माणूस मला १९८०च्या दिवाळीनंतर भेटला.

तो म्हणजे भुजबली अण्णा. निपाणीकडच्या एका खेड्यातले जैन शेतकरी, तिघा भावांतले धाकटे. बायको ब्राह्मी आणि दोन ट्रंका घेऊन ते माझ्या दुकानासमोरच्या खोलीत राहायला आले आणि चौथ्या दिवशी पांढरं मांजरपाट काखेत मारून दुकानात हजर.

"गुडघ्यापतोर कोट पायजे. बाही लांब, मनगटाला बटण."

"खिसे किती?"

"न्हाय."

"एक तरी? बिडीला, बसच्या तिकिटाला..."

"बिडी वडत न्हाय मी. खिसा नकोच."

"कामाला कुठं असता म्हणायचं?"

"मेडिकल कॉलेजात. औषधाच्या खात्यात," असं म्हणून त्यांनी मान खाली घातली ती माप संपेपर्यंत वर केली नाही.

मी टेप गळ्यात टाकला आणि मनात पहिली टीप मारली. औषधाच्या खात्यातला माणूस आणि खिसा नको? म्हणजे वरच्या साहेबानंच बिनखिशाचा शिवायला लावलेला असणार. म्हणजे आधीच्या खिशातून काहीतरी गेलेलं असणार.

माझी बायको राजाबाई म्हणते, "तुमाला दुसऱ्याच्या अंगाचं माप घ्यायला ठेवलंय, संसाराचं न्हाय." खरं आहे. पण समोरची खोली मशीनपासून बारा पावलांवर, आणि डोळे मिटून शिवण सरळ येत नाही.

त्यामुळे मला दिसायचं ते असं. अण्णा संध्याकाळी अंधार पडता पडता परत येत. आल्या आल्या घरात पाऊल नाही. बाजूच्या न्हाणीत आधी डोक्यावरून पाणी, मग उंबरा. हातात रोज एक कापडी पिशवी, जाताना सपाट आणि येताना फुगलेली. ती घरात न नेता न्हाणीच्या छपराला टांगायची. आणि सकाळी उजाडलं की त्याच पिशवीतले भिजके हरभरे आणि गहू परड्यात पसरायचे. चिमण्या, होले, खारी यांची पंगत! आमच्या गल्लीत माणसांना ज्वारीची भाकरी पुरवून खावी लागते आणि हा नवा बिऱ्हाडकरू चिमण्यांना हरभरे वाढतो. कॉलेजात हरभऱ्याचं औषध कुठलं?

दुसरी गोष्ट शनिवारची. दर पंधरवड्याला अण्णा निपाणीच्या बसनं जात आणि तंबाखूची पानं घेऊन येत. रविवारी परड्यात तीन दगड मांडून लोखंडी तव्यावर ती पानं काळी होईस्तोवर भाजायची. मशेरी! सगळी गल्ली खोकायची. हा माणूस तंबाखूला बोट लावत नाही, कांदा-लसूण खात नाही, दिवस मावळला की पाण्याशिवाय काही घेत नाही, आणि दर पंधरा दिवसांनी डबाभर मशेरी भाजून कॉलेजला घेऊन जातो. कॉलेजातल्या डॉक्टरिणी मशेरी लावतात म्हणावं तर इतकी?

एक दिवस ब्राह्मीच धोतराची घडी घेऊन दुकानात आली.

"शामूआप्पा, तुमी कापडातलं जाणता. ह्यो वास कसला हो?"

मी नाक लावलं. औषधाचा नव्हता, घामाचाही नव्हता. बंद पडलेल्या वखारीत ओलं पोतं कुजावं तसला काहीतरी.

"कुणा बाईचा न्हाय न्हवं?" तिनं हळूच विचारलं.

"आक्का, असल्या वासाची बाई आसंल तर तुमी काळजीच सोडा. ती टिकायची न्हाय."

ती हसली नाही. मला वाटतं, तिला माझ्यापेक्षा जास्त संशय होता.

गाठ सोडवली मायाप्पानं. मायाप्पा त्याच कॉलेजात शिपाई, आमच्याच गल्लीच्या टोकाला राहणारा, चहाला माझ्या दुकानात टेकणारा. मी सहज विचारलं, "काय रं, तुमच्या औषधाच्या खात्यातलं भुजबली अण्णा कसं हायत?"

मायाप्पाच्या नाकातून चहा आला. "औषध? मामा, त्यो उंदरं राखतोय! पांढरी उंदरं! ऐंशी हायत!"

"कशाला?"

"पोटात क्यान्सर आणायला."

आता सांगा, मशीन थांबेल की नाही? मायाप्पानं जे सांगितलं ते असं. कॉलेजात हुक्केरीबाई नावाच्या डॉक्टर आहेत. डिसेंबरात त्यांनी मुंबईहून ऐंशी पांढरे उंदीर मागवले. निम्म्यांना आठवड्यातून दोनदा, सोमवारी आणि गुरुवारी, मशेरीचं गाळलेलं पाणी पोटात सोडायचं. निम्म्यांना नुसतं पाणी. दीड वर्ष. मग सगळ्यांना मारून पोट उघडायचं आणि कुणाच्या पोटात गाठ झाली ते मोजायचं.

"डाक्टरीण म्हणायची का चेटकीण?" मी म्हटलं. "लोकांच्या गाठी बऱ्या करायच्या सोडून नव्या करायच्या?"

त्या दिवसापासून मी अण्णांना सुखानं जाऊ दिलं नाही. "काय अण्णा, लेकरंबाळं बरी हायत न्हवं? ऐंशीच्या ऐंशी?" पहिल्यांदा असं म्हटलं तेव्हा ते जागच्या जागी थिजले. मग दुकानात शिरून त्यांनी माझा हात धरला.

"शामूआप्पा, पाया पडतो. ब्राह्मीला कळू देऊ नका. बस्तीत तर न्हायच." बस्ती म्हणजे त्यांचं देऊळ. "कागदावर शिपाई म्हणून घेतलंय मला. हजर झालो तर म्हणाले, उंदरांकडं जा. एप्रिलात वर्ष भरतंय. कायम झालो की बदली मागणार हाय."

"आणि न्हाय झाला कायम तर?"

"तर गावी. थोरल्यानं सांगून ठेवलंय, तंबाखूचं रान नको म्हणून गेलास, आता आलास तर गडी म्हणून ये. भाऊ म्हणून न्हाय."

इतकं अडकलं होतं त्या नोकरीत. घरातून तंबाखूवरून भांडून निघालेला माणूस कॉलेजात तंबाखूच भाजत होता. मी हसलो नाही असं म्हणालो तर राजाबाई मला खोटं पाडेल. पण ब्राह्मीला सांगितलं नाही, एवढं खरं.

मी खिशाचंही विचारून घेतलं. आधीच्या कोटाला खिसे होते. हे ऐंशी यायच्या आधीच्या एका उंदराचं पिल्लू हातावरून खिशात उतरलं, यांना कळलं नाही, नळाखाली घमेलं धुवायला वाकले आणि ते पोटाखाली चिरडलं. त्यासाठी त्यांनी तीन दिवस उपास केला होता. "खिसा आसला की जीव आत जातोय," म्हणाले. माझी पहिली टीप उसवली. पण पिशवीचं विचारलं तर ते उठून गेले. म्हणजे ती टीप पक्की, असं मी धरलं.

फेब्रुवारीत मायाप्पा नवी बातमी घेऊन आला. उंदरांचं वजन वाढेना. दर आठवड्याला तागडीत घालून वजन करतात, अंगावर पिवळे ठिपके मारून प्रत्येकाची ओळख ठेवतात. मशेरीवाले बारीक होणार, हे बाईंनी धरलं होतं. पण नुसत्या पाण्यावरचेही काडीसारखे झाले! सकाळी दहाला बाई येतात तेव्हा खाद्याची भांडी काठोकाठ भरलेली. गोदामातून हरभरे-गहू पुरेपूर जातात. मग जातात कुठं?

"कुठं म्हंजे?" मी सुईत दोरा ओवता ओवता बोलून गेलो. "हितं येत्यात की! रोज पिशवी भरून. आमच्या गल्लीतल्या चिमण्या बघ जाऊन, उडायला येईना त्यास्नी."

मायाप्पा खदखदून हसला. मीही हसलो. दुकानात बसलेलं गिऱ्हाईकही हसलं. एवढंच झालं.

मार्चच्या शेवटी, कायम व्हायला आठ दिवस उरले असताना, भुजबली अण्णांच्या हातात एक टाईप केलेला कागद पडला. प्राण्यांचं खाद्य पिशवीतून बाहेर नेतो अशी तक्रार आहे. तीन दिवसांत खुलासा द्यावा, नाहीतर सेवा संपुष्टात.

तो कागद घेऊन ते माझ्याच दुकानात आले, कारण इंग्रजी कागद गल्लीत मीच वाचायचो. मी वाचला. 'पिशवी' ह्या शब्दापाशी माझीच जीभ माझ्या दाताखाली आल्यासारखी झाली.

"कुणी सांगितलं आसंल?" अण्णांनी विचारलं.

मी मशीनचा पट्टा उगाच काढून परत बसवला. "लोकास्नी काय, उद्योग न्हाय. पण अण्णा, आता खरं सांगा. पिशवीतलं कुठलं?"

"उंदरांच्या पुढचं."

"म्हंजे चोरी खरी?"

"चोरी न्हाय! उचललेलं. दिवस मावळायला लागला की भांड्यातलं काढून घेतो. टाकून कसं द्यायचं? अन्न हाय. म्हणून पाखरांस्नी."

"काढून घेता? रोज?"

"रोज. सोमवारी न् गुरुवारी रिकाम्या पोटी पाणी सोडाय लागतंय, म्हणून आदल्या सांजंला बाईच काढाय सांगत्यात. मी बाकीचं पाच दिवस बी काढतो. सकाळी कामावर गेलो की परत भरतो."

मला हसू फुटलं. "अवो अण्णा, उंदीर रात्रीच खातोय! माझं निम्मं कापड रात्री कुरतडलेलं हाय. दिवसा झोपतंय ते!"

"मला ठावं न्हाय व्हय?" अण्णा पहिल्यांदाच माझ्यावर चिडले. "शेतकऱ्याचं पोर हाय मी. रात्री खातोय म्हणूनच तर काढतो! शामूआप्पा, ऐंशी जीव हायत. त्यांच्या मरणाची तारीख बाईंच्या वहीत लिवलीया. मी त्यास्नी वाचवू शकत न्हाय, सोडून देऊ शकत न्हाय. आमच्यात दिवस मावळल्यावर खायाचं न्हाय, त्याचं पुण्य हाय. म्हटलं, तेवढं तरी पदरात पडू दे त्यांच्या. पुढचा जन्म बरा मिळंल. अष्टमी-चतुर्दशीला आमी हिरवी भाजी खात न्हाय, तवा त्यास्नी कोबीचा पाला बी देत न्हाय."

दुकानात माझ्याशिवाय कुणी नव्हतं हे बरं झालं. ऐंशी उंदरांना व्रत लावणारा माणूस आजवर कुणी पाहिला असेल तर मला सांगा. आणि हे सगळं सांगून झाल्यावरही माझ्या मनातला किडा म्हणत होता: गोष्ट फार सुंदर आहे, म्हणजे शिवलेली असणार. शिंप्याला शिवण आधी दिसते.

"ती पिशवी आणा," मी म्हटलं.

त्यांनी न्हाणीच्या छपराला टांगलेली कालची पिशवी आणली, काळजीत सकाळी पाखरांना घालायची राहून गेलेली. मी ती टेबलावर, पांढऱ्या कापडाच्या तुकड्यावर उपडी केली. हरभरे निम्मे कुरतडलेले. गव्हात भाताचा कोंडा मिसळलेला, तो पिंजऱ्यात अंथरतात. आणि मधे मधे काळी, बारीक, तांदळाएवढी लेंडी. तोच ओल्या पोत्याचा वास. हे धान्य बाजारात फुकट वाटलं तरी कुणी नेलं नसतं. भिकाऱ्यानं आपली झोळी झटकून घेतली असती.

"चला," मी दुकानाची फळी लावली. "ह्योच तुमचा खुलासा."

"तुमी कशाला येता?"

"तुमचं इंग्रजी कोण बोलणार?" मी म्हटलं. खरं कारण वेगळं होतं, ते मी रस्ताभर गिळत गेलो.

हुक्केरीबाई उंदरांच्या खोलीतच सापडल्या. मी कल्पना केली होती ती चेटकीण नव्हती. साध्या सुती साडीवर पांढरा कोट घातलेली, चष्मा कपाळावर सरकवलेली बाई. गुरुवार होता. डाव्या हाताच्या चिमटीत मानगुटीला धरलेला एक उंदीर, उजव्या हातात पिचकारी. पिचकारीच्या सुईला टोक नव्हतं, मण्यासारखी गोल गाठ होती, घशाला लागू नये म्हणून. ती सुई तोंडातून आत सरकली, काळसर पाणी उतरलं, सुई बाहेर. उंदरानं मिशा पुसल्या. मला सुईची सवय आहे, तरी मी नजर भिंतीकडे वळवली.

"हे कोण?" बाईंनी माझ्याकडे पाहून विचारलं.

"शेजारी हाय, बाई," अण्णा म्हणाले.

"शेजाऱ्याला घेऊन आलास म्हणजे गोष्ट तयार करून आलास." त्या कानडी वळणाचं पण चोख मराठी बोलत होत्या. "सांग."

अण्णांनी सांगितलं. अडखळत, खाली बघत, व्रतापाशी आवाज जवळजवळ बंदच. बाईंचा चेहरा हलला नाही.

"खाद्य चोरणारा मागच्या वर्षीचा माणूस म्हणाला होता, उंदरांना डोहाळे लागलेत का काय, एवढं खातात. तू म्हणतोस, उपास करतात. आता तिसरा येईल तो काय सांगेल?"

मी पिशवी पुढे केली आणि टेबलावरच्या ट्रेमध्ये उपडी केली. बाईंनी चष्मा खाली ओढला. चिमट्यानं एक हरभरा उचलला, दातांच्या खुणा पाहिल्या. मग लेंडी. मग कोंडा. आणि चिमटा ट्रेमध्येच टाकून त्या एकदम खुर्चीत बसल्या.

"हे कोण विकत घेणार?" त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग अण्णांकडे वळून, "सगळ्याच पिंजऱ्यांतलं काढायचास? की नुसत्या मशेरीवाल्यांचं?"

"सगळ्यांचं. एकाला पुण्य न् एकाला न्हाय, आसं कसं करू?"

"मग वाचलास. आणि मीही वाचले." त्यांनी वही ओढली. "दोन्हीकडे सारखी उपासमार झाली, तर दोन्हींची तुलना अजून करता येईल. एकाच बाजूला केली असतीस तर गाठ मशेरीनं आली की भुकेनं, देवालाही सांगता आलं नसतं." आणि त्यांनी आमच्यासमोर वहीत लिहिलं: डिसेंबरपासून आजपर्यंत रोज सायंकाळी सर्व पिंजऱ्यांतील खाद्य काढले जात होते. झाकलं नाही, खोडलं नाही.

माझ्या तोंडाला कुलूप नसतंच. "बाई, पण रोग तयार करायचाच कशाला?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला माझ्या कोटाची बटणं नीट आहेत का तपासावंसं वाटलं. "निपाणीच्या वखारीत तंबाखू चाळणाऱ्या बायका बघितल्यात? दिवसातून पाच-पाच वेळा मशेरी लावतात, थुंकी गिळतात. पोटात गाठ घेऊन माझ्याकडे येतात तेव्हा उशीर झालेला असतो. नातेवाईक म्हणतात, तिखट खाल्लं, नजर लागली. मशेरीनं झालं असा मला संशय आहे. नुसता संशय. बायकांना मशेरी पाजून तर बघता येत नाही ना?"

संशय! म्हणजे बाई माझ्याच जातकुळीतली निघाली. फरक एवढाच की ती संशय आला की ऐंशी उंदीर मागवते आणि दीड वर्ष थांबते. मी सुईत दोरा ओवेपर्यंत थांबत नाही.

"आजपासून भांडी रात्रभर भरलेली राहिली पाहिजेत," बाई अण्णांना म्हणाल्या. "फक्त रविवार आणि बुधवारची संध्याकाळ सोडून. कबूल असेल तर खुलासा मान्य. नसेल तर आत्ताच सांग."

अण्णा पिंजऱ्यांच्या रांगेकडे बघत उभे राहिले. नोकरी एका बाजूला, आणि ऐंशी जणांचा मोडलेला नेम दुसऱ्या बाजूला. मला वाटलं, हा शहाणा आता गावाला निघतो. मी कोपरानं ढोसलं.

"बाई," ते शेवटी म्हणाले, "दिवस असताना भरलं तर चालंल न्हवं? सूर्य मावळायच्या आत मी भरून ठेवतो. मग त्यांनी कवा खायाचं ते त्यांचं त्यांनी बघावं. आणि त्यांच्या वाटचा उपास मी करीन. दर गुरुवारी."

"तू कर," बाई म्हणाल्या. "खुशाल कर. उंदरांना करायला लावू नकोस."

"आणि मारायच्या आधी कानात णमोकार मंत्र म्हटला तर?"

बाईंनी चष्मा परत कपाळावर ढकलला. "त्यानं वजन बदलत नाही. म्हण."

घरी पोचलो तर ब्राह्मी दारातच. तिनं नवऱ्याकडे, मग माझ्याकडे, मग रिकाम्या पिशवीकडे बघितलं.

"उंदरं जगली का?" तिनं विचारलं.

अण्णांनी रागानं माझ्याकडे पाहिलं.

"अवो, न्हाऊन आला तरी कानामागं कोंडा असतोय तुमच्या. न् झोपंत उंदरांच्या ठिपक्याचं नंबर म्हणताय. पयला बाईचा वास वाटला. पर बाईला कोण नंबर देतंय?"

मीही घरी गेलो. राजाबाई चुलीपुढे बसून बोटानं मशेरी घासत होती. मी म्हटलं, "थुंकी गिळू नको गं." ती म्हणाली, "मी काय उंदीर हाय?" त्या दिवसापासून तिची डबी मला दिसत नाही. सोडली की लपवली, ह्याबद्दल माझा संशय आहे, पण माझ्याकडे ऐंशी राजाबाया नाहीत.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात अण्णा कायम झाले. बदलीचा अर्ज काही त्यांनी केला नाही. मायाप्पानं सांगितलं, बाईंनी विचारलं होतं, तर म्हणाले, "ह्या ऐंशींचं होईपतोर नको. दुसरा आला तर तो कानात काय म्हणंल?" पिशवीही बंद झाली. त्यांच्या परड्यातल्या चिमण्या आठ दिवस येऊन रिकाम्या जमिनीला चोची मारून गेल्या.

आणि त्याच आठवड्यात अण्णा तो कोट घेऊन परत माझ्या दुकानात. टेबलावर ठेवला आणि छातीच्या डाव्या बाजूला आतून बोट लावलं.

"हितं एक खिसा लावा. ल्हान. बटणाचा."

"खिसा? आणि जीव आत गेला तर?"

"म्हणून तर आतनं. न् बटण. उंदरांच्या खोलीची किल्ली बाईंनी माझ्याकडं दिलीया. हातात धरून हिंडायचं व्हय?"

मी कापडाचा तुकडा काढला, माप घेतलं. खडूनं रेघ मारताना मला वाटलं, आता सांगून टाकावं, ती पिशवीची गोष्ट कुणाच्या तोंडून गेली ती. तोंड उघडलंही. पण अण्णा खिशाच्या रेघेकडेच बघत होते.

"शिवण बारीक घाला, शामूआप्पा. बटण घट्ट," ते म्हणाले. "आणि ह्या खिशात काय हाय ते मायाप्पाला सांगू नका."